भारनियमनाने बदललेला पडदा

2001 मध्ये संगणक-शिक्षण देणाऱ्या एमकेसीएल या संस्थेची स्थापना झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाच्या निमित्ताने संगणक तालुक्या-तालुक्यात पोचला. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावांना मॉनिटर म्हणून जे ठाऊक झालं, ते भलंमोठं पोट मागे घेऊन टेबल अडवणारं जड खोकं. आतली चित्रनळी मूळची 1897 ची, जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांची. निवड फार करावी लागत नसे. काच फुगीर की सपाट, एवढंच विचारायचं.

त्या नळीचं चित्र वाईट नव्हतं, हे आता कुणाला आठवत नाही. कुठूनही पाहा, रंग तेच; काळा तर अस्सल काळा. 60 हर्ट्झवर मात्र पडदा लुकलुके, डोळे चुरचुरत. सेटिंगमध्ये 75 किंवा 85 केलं की त्रास कमी होई, पण ते सांगणारं कुणी नसे.

नळी आपल्याकडून गेली ती चित्रामुळे नव्हे, भारनियमनामुळे, असं माझं मत आहे. 2005 नंतरची काही वर्षं खेड्यापाड्यांनी तासन् तास विजेविना काढली. पंधरा इंची नळी सत्तर-ऐंशी वॅट खाई, तेवढाच सपाट एलसीडी पडदा वीस-पंचवीसवर भागवी. लाईट गेल्यावर यूपीएसवर अर्धी पत्रिका सेव्ह करून उठायचं की ती पुरी करायची, हे मॉनिटरवर ठरू लागलं.

गंमत म्हणजे औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने 2005 मध्येच थॉमसन या फ्रेंच कंपनीचा चित्रनळ्यांचा धंदा घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधल्या कारखान्यांसकट. दोन-तीन वर्षांत बाजार एलसीडीकडे वळला. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्याला इतर कारणंही होती; पण नळीवरचा डाव फसला तो फसलाच.

पहिले स्वस्त एलसीडी टीएन नावाच्या पॅनलचे. फोटो स्टुडिओवाल्यांना त्यांनी छळलं. समोर बसलेल्याला शालू लाल दिसे, शेजारी उभ्या गिऱ्हाईकाला फिका. त्यावरचा उपाय, कुठूनही रंग तेच दाखवणारं आयपीएस पॅनल, हिताचीने 1996 मध्येच काढलं होतं. आपल्या खिशाला ते परवडायला वीसेक वर्षं गेली. मधल्या काळात खोक्यांवर ‘एलईडी’ छापून आलं. पडदा एलसीडीच, फक्त मागचा उजेड ट्यूबऐवजी एलईडीचा. तिसरा प्रकार व्हीए पॅनलचा; त्याचा काळा गडद असतो, पण स्क्रोल करताना अक्षरं ओढल्यासारखी दिसू शकतात. ओएलईडी देखणा, तरी दिवसभर एकच फॉर्म उघडा ठेवणाऱ्या सेवा केंद्राने त्याच्या वाटेला जाऊ नये. पडद्यावर डाग कायमचा उमटू शकतो.

सातबारा, दाखले, डीटीपी, पोरांचा अभ्यास यांसाठी 22 ते 24 इंची, 1920 बाय 1080 चा, न चकाकणारा आयपीएस घ्यावा. 144 हर्ट्झचे जादा पैसे गेम खेळणाऱ्यांनी मोजावेत.

आणि माळ्यावर जुनी नळी असेल तर भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. तिच्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नियम 2012 पासून लागू आहेत. ती अधिकृत संकलन केंद्रातच द्या.