मुदतवाढ एकदाच लिहायची
लेखमाला : ऑफिसातला मेल सर्व्हर – लेखांक ११

मागच्या आठवड्यात आपण सर्व्हरवर ग्रुपचे पत्ते तयार केले. त्यांचा खरा उपयोग आज आहे. एक कॅलेंडर ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवायचं, पण त्यात लिहू द्यायचं मोजक्यांनाच, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं, तरी बहुतेक ऑफिसांत ते उलट्या बाजूने सुरू केलेलं असतं.

उदाहरणाला सीएचं ऑफिस घेतो. घाटकोपर पूर्व असो, मुलुंड असो की बोरिवली, स्टेशनाजवळच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात सीएंच्या दोन-तीन पाट्या हमखास दिसतात. तारखांवर इतका चालणारा दुसरा व्यवसाय शोधून सापडणार नाही. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च हे ॲडव्हान्स टॅक्सचे हप्ते. हे सगळं ऑफिसात तोंडपाठ असतं. पाठ होत नाही ती मुदतवाढ.

२०२५ साल आठवून बघा. ऑडिट नसलेल्यांच्या प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत ३१ जुलै होती, ती मे महिन्यातच १५ सप्टेंबरवर गेली. मग १५ सप्टेंबरच्या रात्री, बाराला थोडाच वेळ उरलेला असताना, आणखी एक दिवस मिळाला. टॅक्स ऑडिटचा अहवाल ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबरवर गेला आणि तिथून १० नोव्हेंबरवर. आता ऑफिसात वीस जण असतील आणि प्रत्येकाने आपापल्या मोबाईलमध्ये तारखा टाकून ठेवल्या असतील, तर यातला प्रत्येक बदल वीस वेळा करायचा. कोणीतरी विसरणारच.

यावर उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी तारखांची एक आयसीएस फाइल करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. त्याने काही साधत नाही. फाइल उघडली की तारखांची प्रत तुमच्या कॅलेंडरात उतरते आणि मूळ फाइलशी तिचा संबंध तिथेच संपतो. मुदतवाढ आली की नवी फाइल येते. मग जुनी तारीखही राहते, नवीही येते, आणि कुठली खरी यावर चहाच्या वेळेला चर्चा होते. शेअर केलेल्या कॅलेंडरचं तसं नसतं. सर्व्हरवर फोल्डर एकच असतो आणि बाकीच्यांच्या यादीत त्याचा फक्त दुवा दिसतो. रात्री बाराला पाच मिनिटं असताना एकाने तारीख बदलली की सर्वांकडे बदलली.

मग हे कॅलेंडर कोणाचं? माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच, आणि तो कोणी विचारत नाही. सरांनी सांगितलेलं असतं, ‘जरा एक कॅलेंडर कर रे.’ संगणकाची आवड असलेला एखादा आर्टिकल, म्हणजे सीएकडे उमेदवारी करणारा मुलगा, स्वतःच्या अकाउंटवर ते करतो आणि सगळ्यांना शेअर करतो. सीए संस्थेच्या २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली. म्हणजे मुलगा आता आणखी लवकर जातो. तो गेला, ॲडमिनने शिस्तीत त्याचं अकाउंट काढून टाकलं, की त्या अकाउंटमधला फोल्डर गेला आणि सगळ्यांच्या यादीतले दुवे आंधळे झाले. म्हणून कॅलेंडर माणसाचं नको, कामाचं हवं. ‘मुदती’ नावाचं वेगळं अकाउंट काढा आणि कॅलेंडर त्याच्या नावावर ठेवा. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर शेअर्ड मेलबॉक्स करा. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही.

आता परवानग्या. झिंब्रा मेल सर्व्हरवर कॅलेंडर शेअर करताना व्ह्यूअर, मॅनेजर आणि ॲडमिन अशा तीन भूमिका समोर येतात. व्ह्यूअर फक्त पाहतो. मॅनेजर नोंद टाकतो, बदलतो, पुसतो. ॲडमिन याशिवाय तेच कॅलेंडर परस्पर तिसऱ्याला शेअर करू शकतो, म्हणून हे नाव भारदस्त वाटतं एवढ्यासाठी कोणाला देऊ नका. आउटलुकमध्ये ढोबळमानाने याच जागी रिव्ह्यूअर, एडिटर आणि ओनर येतात.

लिहिण्याचा हक्क दोघांना पुरे. दोघं अशासाठी, की एक जण रजेवर असतो. ‘आपली मुलं जबाबदार आहेत, सगळ्यांना देऊन टाका’ हा उदारपणा इथे नडतो, कारण कॅलेंडरातली नोंद माऊसने ओढली की सरकते. महिन्याचं पान उघडं आहे, फोनवर बोलता बोलता बोट दाबलं गेलं, हात हलला आणि २० तारखेचं ३बी २१ च्या चौकोनात जाऊन बसलं. विचारणा नाही, सूचना नाही. आणि कॅलेंडर एकच असल्यामुळे ते सगळ्यांकडेच २१ ला दिसतं. व्ह्यूअरने कितीही ओढलं तरी सर्व्हर त्याचा बदल स्वीकारत नाही.

पाहण्याचा हक्क मात्र एकेका नावाने देत बसू नका, ग्रुपला द्या. नवा आर्टिकल आला की त्याला ग्रुपमध्ये टाकायचं, गेला की काढायचं. कॅलेंडरला हात लावायची गरजच पडत नाही. इथे मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज वापरणाऱ्यांची एक फसगत होते. साधा डिस्ट्रिब्यूशन ग्रुप फक्त मेल वाटतो, त्याला परवानगी देता येत नाही. त्यासाठी मेल चालणारा सिक्युरिटी ग्रुप लागतो. झिंब्रात साधी डिस्ट्रिब्यूशन लिस्ट चालते, पण ज्याला पाहायचं आहे त्याने शेअर स्वीकारावा लागतो. नंतर आलेल्याला ते निमंत्रण मिळालं नसेल, तर ‘फाइंड शेअर्स’मध्ये जाऊन तो स्वतः जोडून घेऊ शकतो. रुजू होण्याच्या दिवशीच हे करून घ्या.

‘मोबाईलवर दिसत नाही’ ही तक्रार येणारच. फोनमध्ये अकाउंट एक्सचेंज ॲक्टिव्हसिंकने जोडलं असेल तर दुसऱ्याचं शेअर केलेलं कॅलेंडर त्यातून येईलच असं नाही. आउटलुकचं स्वतःचं ॲप घाला, किंवा सर्व्हर देत असेल तर कॅलडॅव्हने जोडा. हे २००७ मध्ये ठरलेलं खुलं मानक आहे. आयफोनमध्ये ते आधीपासून असतं, अँड्रॉइडवर वेगळं ॲप लागतं.

मुदतीची नोंद नेहमी ‘पूर्ण दिवस’ अशी करा. एखाद्या संगणकाचा टाइम झोन चुकलेला असेल तर आउटलुकवर तीच नोंद दोन दिवसांवर पसरलेली दिसते. तसं दिसलं तर कॅलेंडर दुरुस्त करू नका, तो संगणक करा. अंधेरीच्या सीप्झमध्ये अमेरिकी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांना झोनचा वेगळाच अनुभव असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात आणि तिकडून आलेली मीटिंग आपल्याकडे एक तास आधी येऊन बसते. ती चूक नसते.

आणखी एक. शेअर केलेल्या कॅलेंडरात ‘प्रायव्हेट’ची खूण करून पगारवाढीच्या बैठका लिहू नका. आउटलुकमधल्या त्या खुणेवर गोपनीयतेसाठी विसंबू नये, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. खासगी ते आपल्या कॅलेंडरात, मुदती मुदतींच्या कॅलेंडरात.

या आठवड्यात एकच गोष्ट करा. ऑफिसात सगळे वापरतात त्या कॅलेंडरचा मालक कोण आहे ते उघडून पाहा. एखाद्या माणसाचं नाव निघालं, तर त्याच्या शेवटच्या दिवसाआधी सगळ्या नोंदी नव्या अकाउंटवर हलवा. काढून टाकलेलं अकाउंट परत कधी आणता येतं आणि कधी नाही, ते पुढच्या लेखांकात.