मोखाड्याहून एका दिवसात ‘पोर्तुगाल’! सिल्वासाची सहल कशी आखायची?

ज्यांना इयरफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहून देतोय.

युरोपातल्या ट्रिपचे रील्स तुम्ही पाहिले असतील. सकाळी स्वित्झर्लंडमध्ये नाश्ता, दुपारी शेजारच्या लिश्टेनस्टाईनमध्ये फोटो, रात्री परत. अख्खा देश फक्त १६० चौरस किलोमीटरचा! आपल्याला वाटतं, असली मजा आपल्या नशिबात कुठली? पण मोखाडा-जव्हारकरांनो, आपल्या शेजारीही एका युरोपीय देशाचा तुकडा होता. तो म्हणजे दादरा आणि नगर हवेली. क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर, मुख्य शहर सिल्वासा, आणि १९५४ पर्यंत तिथे राज्य पोर्तुगालचं.

आता बघा, स्वातंत्र्याआधी आपल्याकडून तिकडे चालत निघालेला माणूस किती सत्ता ओलांडायचा. मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. पुढे जव्हार, तिथे मुकणे राजांचं संस्थान. आणि त्याच्याही पलीकडे पोर्तुगीज. जंगल तेच, वारली आणि कोकणा माणसं तीच, नातीगोतीही दोन्हीकडे. बदलायचा तो फक्त सारा घेणारा.

पोर्तुगीज इथे आले कसे? लढून नाही, तहातून. १७७९ मध्ये मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यानुसार नगर हवेलीच्या गावांचा महसूल पोर्तुगीजांना मिळाला आणि १७८३ मध्ये ती गावं त्यांच्या ताब्यात गेली. दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतलं. म्हणजे सुरुवात वसुलीच्या हक्कापासून झाली आणि पावणेदोनशे वर्षं ते हललेच नाहीत.

पण त्यांची एक अडचण होती. या मुलखाला समुद्र नाही. दमणहून इथे यायचं तर मधला भारताचा प्रदेश ओलांडायलाच हवा. १९५४ मध्ये हीच गोष्ट निर्णायक ठरली. २२ जुलैला दादरा सुटलं, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. गोव्याचे कार्यकर्ते होते, महाराष्ट्रातले स्वयंसेवक होते. आपले गायक-संगीतकार सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, हेही त्यात होते. आणि दमणहून कुमक आलीच नाही, कारण भारताने वाट दिली नाही.

पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. मागणी काय? आम्हाला जायला-यायला वाट द्या. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला: साध्या नागरिकांना ये-जा करायचा हक्क होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क नव्हता. भारताने काही बेकायदा केलेलं नाही, असंही न्यायालयाने सांगितलं.

मधली सात वर्षं हा प्रदेश ना पोर्तुगालचा, ना कागदोपत्री भारताचा. कारभार स्थानिक वरिष्ठ पंचायत बघायची. शेवटी भारताने पाठवलेले अधिकारी के. जी. बदलानी एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान झाले, कारण करारावर सही करायला कोणीतरी प्रमुख लागतोच ना! ११ ऑगस्ट १९६१ ला विलीनीकरण झालं.

बरं, आता सहल. मोखाड्याहून जव्हार आणि तिथून दाभोशाच्या बाजूने जाणारा सिल्वासा रस्ता धरा. एसटीने जाणार असाल तर आदल्या दिवशी जव्हार डेपोत गाडीची वेळ विचारा, आणि परतीची शेवटची गाडी आधी विचारा, जाण्याची नंतर! बाईक असेल तर लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी सोबत ठेवा. आपण दुसऱ्या प्रदेशात जातोय, हे विसरू नका. पावसात घाटात धुकं असतं, तेव्हा उजेडातच परत फिरा.

सकाळी थेट सिल्वासा गाठा. आदिवासी संग्रहालय बघा. तिथल्या बऱ्याच वस्तू तुम्हाला आजीच्या घरातल्या वाटतील. मग पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च. दुपारी परतीच्या वाटेला लागा. खानवेल सिल्वासाच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याच बाजूला आहे. वेळ उरला तर तिथून दुधनीला, मधुबन धरणाच्या पाण्यावर होडीत बसा. वासोण्याची सिंह सफारीही आहे, पण एका दिवसात दुधनी किंवा सफारी, एकच काहीतरी निवडा. सोमवार शक्यतो टाळा आणि काय उघडं आहे ते फोन करून विचारा.

अजून एक. तिकडे दारू स्वस्त मिळते म्हणून बाटल्या घेऊन येऊ नका. महाराष्ट्राचा कर न भरलेली दारू इकडे आणणं गुन्हा आहे, आणि सीमेवर तपासणी होते.

मी हे सगळं का सांगतोय? कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांना सिल्वासा माहीत आहे ते सहलीमुळे नाही. इकडे उपचार झाले नाहीत की पेशंटला गाडीत घालून तिथल्या सरकारी हॉस्पिटलला न्यायचं, नाहीतर नाशिकला. बाळंतपण अडलं, साप चावला, की हाच रस्ता. ज्या वाटेसाठी एक देश हेगपर्यंत भांडला, तशीच वाट आज आपल्या माणसांना जीव वाचवायला लागते. सरहद्दीवर आता कोणी अडवत नाही. अडवतात ते खड्डे, अंतर आणि वेळेवर न मिळालेली गाडी.

म्हणून एकदा कोणी आजारी नसताना या रस्त्याने जा. कुठे वळण वाईट आहे, कुठे रेंज जाते, रात्री कुठला पेट्रोल पंप उघडा असतो, हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि गावच्या ग्रुपवर टाका. सहलीचे फोटो दोन दिवस लाईक मिळवतील. ही यादी मात्र एखाद्या रात्री कुणाच्या तरी कामी येईल.

तुमच्याकडे अशी यादी असेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत सांभाळून चालवा, ऐकत राहा!