कळ दाबली, पण पोहोचली कुठे?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत निदान पाच टप्पे असतात. कीबोर्डमधली चिप कळेचा संकेत तयार करते. तो यूएसबी केबलमधून किंवा ब्लूटूथवरून संगणकात येतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यातल्या ड्रायव्हरकरवी त्याचा अर्थ लावतो. ‘लिबइनपुट’ नावाची लायब्ररी तो डेस्कटॉपच्या हवाली करते आणि शेवटी कीबोर्डचा लेआउट त्या कळेला इंग्रजी ‘के’ म्हणायचे की मराठी ‘क’ ते ठरवतो. माउसचेही असेच, फक्त लेआउटचा टप्पा त्याला नाही. ‘कीबोर्ड सापडत नाही’ या एकाच तक्रारीमागे यातल्या कुठल्याही टप्प्यावरचा बिघाड असू शकतो. घरातला दिवा लागला नाही तर जाणता वायरमन बल्बामागून बल्ब बदलत बसत नाही; टेस्टर घेऊन वीज कुठवर येते आहे ते आधी पाहतो. लिनक्समध्ये असे टेस्टर जागोजागी ठेवलेले आहेत. ते न वापरता सगळी प्रणाली पुसून नव्याने बसवणे हा फार लोकप्रिय उपाय आहे. पण दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा कर्नलच्या त्याच आवृत्तीत असेल, तर नव्या प्रणालीतही तो जसाच्या तसा हजर होतो.

पहिली तपासणी लिनक्स सुरू होण्याआधीच करता येते. संगणक चालू करताच बायोसच्या पडद्यावर जावे. तिथे बाणांच्या कळा चालल्या, तर कीबोर्ड, केबल आणि पोर्ट ठीक आहेत. त्यानंतर येतो ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू. ग्रब साधारणपणे मदरबोर्डच्या फर्मवेअरच्या भरवशावर कळा वाचतो. त्यामुळे ग्रबपर्यंत नीट चाललेला कीबोर्ड लॉगिनच्या पडद्यावर मुका झाला, तर दोष कर्नलमध्ये किंवा त्याच्या पुढे शोधावा. केबलच्या किंवा डोंगलच्या कीबोर्डला बायोसमध्येच दाद मिळत नसेल, तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. मग पोर्ट बदलून पाहावे, तेही कॅबिनेटच्या मागचे. पुढची पोर्ट आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि ती वायर ढिली असणे ही रोजची गोष्ट आहे. यूएसबी हब असेल, तर तो मधून काढून टाकावा.

दुसरी तपासणी कॅप्स लॉकची. यूएसबी कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. कळ दाबल्याची खबर संगणकाला जाते आणि ‘दिवा लाव’ हा हुकूम संगणकाकडून परत येतो. दिवा लागत-विझत असेल, तर जाण्यायेण्याचा रस्ता मोकळा आहे आणि अडचण अॅप्लिकेशनजवळ आहे. दिवा ढिम्म असेल, तर अडचण खाली आहे. बिनतारी कीबोर्डांवर बऱ्याचदा हा दिवाच नसतो, तेवढी ही चाचणी अपुरी.

यापुढच्या आज्ञा टाइप करायला कीबोर्ड हवा, आणि बिघडला आहे तोच. अडगळीतला जुना यूएसबी कीबोर्ड अशा वेळी कामाला येतो. माउस चालत असेल, तर पडद्यावरचा कीबोर्ड उघडता येतो. दुरून लॉगिन करण्याची ‘एसएसएच’ ही सोय सुरू ठेवलेली असेल, तर मोबाइलवरूनही त्या संगणकात शिरता येते. खाली आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती लहान रोमन अक्षरांत लिहायची.

सर्वांत उपयोगी आज्ञा म्हणजे ‘डीमेसेज’. ती कर्नलची रोजनिशी दाखवते. तिच्यापुढे ‘डॅश डब्ल्यू’ लिहिले की नवी नोंद होताक्षणी पडद्यावर येते. बहुतेक ठिकाणी ती आधी ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवावी लागते. ती चालू ठेवून माउस काढावा आणि पुन्हा लावावा. सगळे ठीक असेल, तर ‘न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ किंवा ‘न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ अशी ओळ येते आणि पाठोपाठ उपकरणाचे नाव आणि क्रमांक. लो-स्पीड म्हणजे सेकंदाला १.५ मेगाबिट, फुल-स्पीड म्हणजे १२ मेगाबिट. माउस-कीबोर्डला याहून जास्त वेग लागत नाही, त्यामुळे ‘लो-स्पीड’ पाहून घाबरू नये.

माउस लावल्यावर एकही ओळ आली नाही, तर संगणकाला काही जोडले गेल्याचे कळलेलेच नाही. पोर्ट मेलेले आहे किंवा केबल तुटलेली आहे. त्याच पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावून पाहिला की दोघांपैकी आरोपी कोण ते ठरते. ओळ आली, पण तिच्या मागे ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर वजा ७१’ असे लिहिले असेल, तर संभाषण सुरू होऊन मध्येच बिघडले आहे. वजा ७१ हा संभाषणाच्या नियमातला दोष, तर वजा ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपला. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा खराब केबल, सैल जोड किंवा अपुरी वीज असते. या आकड्यांवर सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास उपाय शोधणारे पुष्कळ भेटतात. आधी केबल बदलावी.

‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा जोडलेल्या उपकरणांची यादी देते. प्रत्येकासमोर दोन भागांचा क्रमांक असतो: पहिला कंपनीचा, दुसरा त्या मॉडेलचा. लॉजिटेकचा ‘०४६डी’, मायक्रोसॉफ्टचा ‘०४५ई’. या आज्ञेला ‘डॅश टी’ जोडले की कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर मिळाला तेही दिसते. कीबोर्ड आणि माउस यांच्यापुढे ‘यूएसबीहिड’ असायला हवे. कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांसाठी यूएसबीने एकच सामाईक भाषा ठरवून दिली आहे, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा साधा कीबोर्ड वेगळा ड्रायव्हर न बसवता चालतो. माउसबरोबर ‘लिनक्स ड्रायव्हर’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार नुसताच पाहत राहतो तो यामुळे.

ड्रायव्हरच्या जागी ‘नन’ दिसले, तर एक कारण आधी तपासावे. आर्चसारख्या काही लिनक्समध्ये कर्नल अद्ययावत झाले की जुन्या कर्नलची मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइली, डिस्कवरून पुसली जातात, पण संगणक रीस्टार्ट होईपर्यंत चालू असते जुनेच कर्नल. त्या अवस्थेत नवे उपकरण लावले की कर्नल त्याचे मॉड्यूल शोधते आणि ते सापडत नाही. आधीपासून जोडलेला कीबोर्ड चालतो, नवा माउस चालत नाही, आणि माणूस माउस बदलून आणायला निघतो. ‘यूनेम डॅश आर’ लिहून चालू कर्नलची आवृत्ती पाहावी, बसवलेल्या आवृत्तीशी ताडून पाहावी आणि मशीन रीस्टार्ट करावे.

कर्नलने उपकरण ओळखले, तरी कळा खरोखर येत आहेत का हे पाहायला ‘इव्हीटेस्ट’ आहे. हा छोटा प्रोग्राम सहसा आधीपासून बसवलेला नसतो, तो पॅकेज म्हणून घ्यावा लागतो. सुरू केला की उपकरणांची क्रमवार यादी येते. त्यातले एक निवडून इंग्रजी ‘ए’ ही कळ दाबली की यूएसबी कीबोर्डवर आधी ७०००४ हा आकडा दिसतो. तो कीबोर्डने पाठवलेला मूळ संकेत: सातवे कोष्टक, चौथी नोंद. त्याच्या खालच्या ओळीत ३० हा आकडा, म्हणजे कर्नलने त्या संकेताला दिलेला स्वतःचा क्रमांक, आणि पुढे १. कळ सोडली की १ चा ० होतो. दाबून धरली की २ येत राहतात. गेमिंगचे कीबोर्ड आणि माउस या यादीत तीन-चार नावांनी हजर असतात. चुकीचे नाव निवडले, तर काहीच दिसत नाही आणि चांगला कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. सगळी नावे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

इव्हीटेस्टमध्ये कळा दिसतात आणि डेस्कटॉपवर नाही, असे झाले तर कर्नल निर्दोष सुटले. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळ्या पडद्याचा कन्सोल उघडतो का पाहावे. तिथे टाइप करता आले, तर बिघाड फक्त डेस्कटॉपच्या थरात आहे. डेस्कटॉपचा पडदा सांभाळणाऱ्या जुन्या एक्स सर्व्हरवर याचे नेहमीचे कारण म्हणजे लिबइनपुटला एक्सशी जोडणारे पॅकेज गायब असणे. अद्ययावत करताना किंवा ‘नको ते’ काढून टाकताना ते निघून जाते आणि लॉगिनचा पडदा येतो, पण माउस-कीबोर्ड दोन्ही थिजलेले. पॅकेज पुन्हा बसवले की काम झाले. एक्सच्या १.८ या २०१० मधल्या आवृत्तीपासून उपकरणे ‘यूडेव्ह’मार्फत आपोआप ओळखली जातात. तरीही त्याआधीच्या काळातली, हाताने लिहिलेली ‘एक्सऑर्ग’ची फाइल कुणीतरी जपून ठेवलेली असते आणि आपोआप ओळखण्याची सोय तीच बंद पाडते. अशी फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून पाहावे.

याच थरात एक फसवे दुखणे आहे. शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की अनेक डेस्कटॉपवर ‘स्लो कीज’ सुरू होते. हात थरथरणाऱ्यांसाठी ही चांगली सोय आहे: कळ थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय ती मोजलीच जात नाही. पण नकळत सुरू झाली, तर कीबोर्ड बिघडला असेच वाटते. पुन्हा शिफ्ट आठ सेकंद धरली की ती बंद होते.

मधूनच झोपणारा माउस हे वेगळे प्रकरण. काही सेकंद हात काढला की पहिली हालचाल वाया जाते, मग तो जागा होतो. लिनक्स एरवी माउस-कीबोर्डला झोपवत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी ‘पॉवरटॉप’ची सगळी स्वयंचलित बचत चालू केली की हे सुरू होते. त्या उपकरणाच्या वीजनियंत्रणाची ‘ऑटो’ ही नोंद बदलून ‘ऑन’ केली की थांबते.

बिनतारी उपकरणांत दोन प्रकार आहेत. डोंगल लावायचे, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे कीबोर्ड आणि माउस संगणकाच्या दृष्टीने साधी यूएसबी उपकरणेच असतात. डोंगल एलएसयूएसबीत दिसते, पण माउस चालत नाही, असे असेल तर सेल, जोडणी किंवा हस्तक्षेप. लॉजिटेकच्या डोंगलची जोडणी ‘सोलार’ या मोफत प्रोग्रामने पाहता आणि नव्याने करता येते. हस्तक्षेपाचे कारण अनेकांना ठाऊक नसते: यूएसबी ३ चे पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर टिपण प्रसिद्ध केले होते. डिस्कवर फाइल उतरवताना माउस अडखळतो तो यामुळे. डोंगल वीतभर एक्स्टेन्शन केबलवर दूर नेले की बहुधा सुधारते.

ब्लूटूथमध्ये आधी ‘आरएफकिल लिस्ट’ पाहावे. रेडिओच बंद असेल, तर पुढचे सगळे व्यर्थ. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर कीबोर्डला दोन्हींकडून एकच पत्ता दिसतो आणि त्या पत्त्यासाठी तो एकच गुप्त किल्ली लक्षात ठेवतो. विंडोजमध्ये जोडणी केली की लिनक्सकडची किल्ली शिळी होते. ‘ब्लूटूथसीटीएल’मधून उपकरण काढून नव्याने जोडावे लागते. कीबोर्डवर एकाहून जास्त जोडण्यांची बटणे असतील, तर दोन प्रणालींना दोन बटणे देऊन ही कटकट अनेकदा टळते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर पासवर्ड विचारला जातो तेव्हा ब्लूटूथ सहसा उठलेलेच नसते, म्हणून केबलचा किंवा डोंगलचा एक कीबोर्ड जवळ ठेवावाच.

लॅपटॉपचा आतला कीबोर्ड सहसा यूएसबीवर नसतो, म्हणून तो एलएसयूएसबीत दिसला नाही तर घाबरू नये. पुष्कळ लॅपटॉपमध्ये तो आजही आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ पद्धतीने बोलतो आणि कर्नलचा ‘आय८०४२’ हा ड्रायव्हर त्याला सांभाळतो. तो उठत नसेल, तर ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीला ‘आय८०४२ डॉट रीसेट’ किंवा ‘आय८०४२ डॉट नोमक्स’ जोडून पाहतात. अगदी नव्या मॉडेलवर कीबोर्ड मुका असेल, तर कर्नलची नवी आवृत्ती हेच औषध. २०२२ पासूनच्या काही एएमडी लॅपटॉपवर इंटरप्टची चुकीची मांडणी हे त्याचे कारण होते आणि दुरुस्ती कर्नलमध्येच करावी लागली. जुन्या डेस्कटॉपवर पीएस/२ चे जांभळे पोर्ट कीबोर्डचे, हिरवे माउसचे. त्यांत कीबोर्ड किंवा माउस संगणक चालू असताना लावायचा नसतो.

कळा येतात पण भलतीच अक्षरे उमटतात, तेव्हा कीबोर्ड सापडलेला असतो, लेआउट चुकलेला असतो. लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सची ०.०१ ही पहिली आवृत्ती दिली, तेव्हा तिला फिनिश कीबोर्ड लागत असे. आता भारतीय लेआउटखाली मराठी इन्स्क्रिप्टही मिळते. ‘लोकेलसीटीएल’ने प्रणालीसाठी ठरवलेला लेआउट कोणता ते कळते.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर ताज्या लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करावा. डिस्कला धक्का लागत नाही आणि नव्या कर्नलवर उपकरण चालते का ते कळते. चालले, तर दोष आपल्या प्रणालीच्या मांडणीत किंवा जुन्या कर्नलमध्ये आहे. नाही चालले, तर तक्रार नोंदवताना कर्नलची आवृत्ती, एलएसयूएसबीतला क्रमांक आणि उपकरण लावतानाच्या डीमेसेजच्या ओळी जशाच्या तशा द्याव्यात. नुसते ‘माउस चालत नाही’ एवढेच लिहिले, तर दुरुस्ती करणाऱ्याला पहिल्यांदा हेच तीन प्रश्न उलट विचारावे लागतात.