आठ मुलं, सात उत्तरं

"फक्त आठ जण? एवढ्यावर पेपर?" सुवी सारिकालिओ आणि याको एर्किला यांचा २००७ सालचा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हेच म्हणाले होते. मी एमएस्सीवाली, सॅम्पल साइज म्हणजे आमचं दैवत! तुम्हीही विज्ञानातून पीएचडीच्या तयारीला लागला असाल तर तुम्हालाही असंच वाटेल.

आता उलट टोक बघा. इंग्लंडमध्ये एड्रियन नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी २००० साली १३-१४ वर्षांच्या २,४६५ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुलं रोज सरासरी २.४५ तास संगीत ऐकत होती. संगीत का ऐकता, हेही विचारलं होतं, पण कारणांची यादी संशोधकांनीच करून दिलेली. मुलांनी फक्त गुण द्यायचे. यादीत नसलेलं कारण अशा अभ्यासात सापडणार कसं?

सारिकालिओ यांनी यादी दिलीच नाही. फिनलंडमधल्या १४ आणि १७ वर्षांच्या आठ मुलांना गटात बसवून बोलतं केलं, नंतर फॉर्म भरून घेतले आणि त्या बोलण्यातूनच वर्गवारी उभी केली. हीच ग्राउंडेड थिअरी. मूड सांभाळायच्या सात तऱ्हा निघाल्या: करमणूक, ताजंतवानं होणं, भावनेचा जोरदार अनुभव घेणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, साठलेलं बाहेर काढणं, मनातल्या गोष्टीवर विचार करणं आणि दिलासा.

याचं महत्त्व मला घरात कळलं. माझी मामेबहीण दहावीत आहे. प्रिलिममध्ये मार्क कमी पडले आणि बाईसाहेब दार लावून एकच रडकं गाणं लूपवर ऐकत बसल्या. मामीचा फोन, "ताई, मोबाइल काढून घेऊ का गं हिचा?" बाहेरून काय कळणार? तेच गाणं एकीला दिलासा देतं, दुसरीला त्याच विचारात गोल गोल फिरवत ठेवतं. तास दोघींचे सारखेच.

हा फरक मोजायला सारिकालिओ, ख्रिश्चन गोल्ड आणि कॅट्रिना मॅकफेरन यांनी २०१५ मध्ये १३ विधानांची एक प्रश्नावली काढली. तिचा रोख गाणं कुठलं यापेक्षा ऐकल्यावर काय होतं यावर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मुलांमध्ये 'अपायकारक' बाजूचे गुण आणि मानसिक ताण यांचा संबंध दिसला. पण जपून! गाण्यामुळे ताण आला की ताणामुळे तसं ऐकणं झालं, हे एकाच वेळी भरलेल्या प्रश्नावलीतून सांगता येत नाही. व्हायवात नेमकं इथेच पकडतात.

किती टक्के मुलं दिलाशासाठी ऐकतात, हे मात्र आठ जणांवरून कधीच सांगता येणार नाही. त्या पेपरचा तो दावाही नाही.

मामीला म्हटलं, मोबाइल राहू दे, आधी तिला विचार. संध्याकाळी बहिणीचाच मेसेज आला: "गाण्याने बरं वाटतं गं. आई दर पाच मिनिटांनी दार वाजवते ना, त्याने नाही वाटत."