चाळिशीनंतरचे डोळे आणि काढ्याचा पेला

वयाची चाळीस वर्षे आणि वाचावयाचा चष्मा या दोहोंना आपल्या मराठीत एकच शब्द आहे : चाळिशी. ज्याने हा शब्द रूढ केला त्याने नेत्रशास्त्राचा एक पाठच देऊन ठेवला आहे. डोळ्यातील भिंग लहानपणी लवचिक असते. जवळचे पाहताना ते फुगते, दूरचे पाहताना सपाट होते. वर्षे जातात तसतसे ते ताठर होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास जवळच्या वस्तूसाठी लागेल तितके फुगेनासे होते. मग वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. आम्हां शिक्षकमंडळींत वह्या तपासताना हा देखावा नित्य दिसतो. कोणी चष्मा लावतो. कोणी म्हणतो, चष्मा लावला की नंबर वाढत जातो, त्यापेक्षा बडीशेपेचा काढा सुरू करावा. नंबर वाढतो तो वयाने, चष्म्याने नव्हे; परंतु काढ्याचा विचार मात्र सहजासहजी झटकून टाकण्यासारखा नाही. त्याच्यामागे मोठी परंपरा आहे, आणि ती आपल्या हैदराबादेत आजही जिवंत आहे.

चारमिनारजवळ निजामिया तिब्बी महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथील युनानी वैद्यकात पाण्यात उकळून काढलेल्या औषधाला जोशांदा म्हणतात आणि नुसत्या भिजवून गाळलेल्याला खिसांदा. आयुर्वेदात हाच भेद क्वाथ, फांट आणि हिम या शब्दांनी केलेला आहे. उकळते पाणी ओतून, थोडा वेळ झाकून जे गाळतात तो फांट. म्हणजे आज ज्याला लोक 'हर्बल टी' म्हणतात तो आपला जुना फांटच होय. दोन्ही वैद्यकांची देवघेव किती जुनी आहे हे एका शब्दावरून कळते. हिरडा, बेहडा व आवळा यांच्या त्रिफळ्याचे अरबांनी 'इत्रिफल' केले, आणि तो इत्रिफल युनानीच्या पुड्यांतून पुन्हा आपल्याकडे परत आला. डोळ्यांसाठी त्रिफळा वैद्यही देतात आणि इत्रिफल हकीमही देतात. बडीशेपेला युनानीत बादियान म्हणतात. तिचा अर्क आणि घरोघरी होणारे बडीशेप-बदाम-खडीसाखरेचे चूर्ण ही दृष्टीसाठी सांगितली जाणारी नेहमीची औषधे होत.

आता ही औषधे डोळ्यांसाठी का सांगितली गेली, हे पाहिल्यावाचून त्यांचे मोल ठरविता येणार नाही. मोतीबिंदूला अरबी वैद्य 'नुझूल-उल-मा' म्हणत. म्हणजे पाणी उतरणे. डोक्यातून एक दूषित द्रव खाली उतरतो व बाहुलीमागे गोठतो, अशी त्यांची समजूत होती. हीच कल्पना लॅटिनमध्ये गेली आणि इंग्रजीतील मोतीबिंदूचा शब्द त्यावरूनच आला. त्याचा मूळ अर्थ धबधबा. द्रव उतरत असेल तर तो सुकविणारे किंवा शरीरातून काढून टाकणारे पेय द्यावे, हा तर्क अगदी सरळ आहे. या जुन्या वैद्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. बगदादच्या अली इब्न ईसाने सुमारे हजार वर्षांपूर्वी लिहिलेला नेत्रवैद्यकावरील ग्रंथ पुढे कित्येक शतके प्रमाण मानला गेला. मोसुलच्या अम्मारने पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याची रीत लिहून ठेवली. आणि सुश्रुताने तर त्यांच्याही पुष्कळ आधी शलाकेने मोतीबिंदू बाजूस सारण्याचे वर्णन केलेले आहे. म्हणजे मोतीबिंदू पिकला की हत्यारच हाती घ्यावे लागते, हे या सर्वांस ठाऊक होते. काढ्यावर विसंबून बसणारे आपण त्यांच्यापेक्षा मागे आहोत, असे म्हणावयास हरकत नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील वैद्यांनी दाखवून दिले की, मोतीबिंदू म्हणजे उतरलेले पाणी नव्हे. डोळ्यातील भिंगच गढूळ होते. भिंगात मुख्यत्वे प्रथिने असतात. अंड्याचा पांढरा बलक कच्चा असताना पारदर्शक असतो आणि शिजला की पांढरा होतो. तो पुन्हा पारदर्शक करता येत नाही. भिंगातील प्रथिनांची गत फार सावकाश, वर्षानुवर्षांत, काहीशी तशीच होते. तेव्हा पोटात गेलेला कोणताही काढा गढूळ झालेले भिंग परत स्वच्छ करील, हे संभवत नाही. त्रिफळ्याने प्राण्यांमध्ये मोतीबिंदू लांबल्याचे काही प्रयोग झालेले आहेत. परंतु उंदराचे भिंग आणि सत्तरीच्या मनुष्याचे भिंग यांत अंतर आहे. 1949 साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी प्रथम कृत्रिम भिंग डोळ्यात बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत गेलेले विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे डोळा सहन करतो, हे पाहून त्यांना ही युक्ती सुचली. आज ही शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत आटोपते. पूर्वी 'पिकू द्या' म्हणत, तशी आता गरज राहिलेली नाही. उलट फार पिकून टणक झालेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते आणि कधी कधी त्याने डोळ्यातील दाबही वाढतो. काढा पिऊन पाहू, मग बघू, असे म्हणण्यात गेलेली वर्षे या हिशेबात धरली पाहिजेत.

मोतीबिंदूत गेलेली दृष्टी निदान परत तरी येते. काचबिंदूत ती येत नाही, आणि म्हणून खरी भीती तेथे आहे. डोळ्यातील दाबामुळे मेंदूकडे जाणारी नस हळूहळू झिजते. दुखत नाही, लाल होत नाही, मधले दिसणे शेवटपर्यंत शाबूत राहते आणि कडेचे मात्र जात असते. बंजारा हिल्सवरील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने (स्थापना 1987) 1996 साली हाती घेतलेल्या आंध्र प्रदेश नेत्ररोग पाहणीत हैदराबाद शहरातीलही लोक तपासले गेले. नेहमीच्या प्रकारचा काचबिंदू ज्यांना निश्चित आढळला, त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना आपल्याला तो आहे याची खबरच नव्हती. आता बडीशेपेच्या अर्काचे थेंब सशांच्या डोळ्यांत घातले असता दाब उतरल्याचे प्रयोगात दिसले आहे, हे खरे. पण तो थेंब होता, पेला नव्हे, आणि ससा होता. बडीशेपेचे पाणी पिऊन मनुष्याचा काचबिंदू आटोक्यात राहतो असे कोणी सिद्ध केलेले नाही. आणखी एक गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. एकदम लिटरभर पाणी प्यायल्याने डोळ्यातील दाब काही काळ वाढतो. नेत्रवैद्य ही गोष्ट परीक्षेसाठी वापरतातसुद्धा. तेव्हा काचबिंदू असणाऱ्याने पहाटे उठून तांब्याभर काढा एका दमात रिचवू नये. घोट घोट, दिवसभरात प्यावा.

मग डोळ्यांना आतून काय लागते? येथेही हैदराबादचा संबंध येतो. 1958 साली कुन्नूरहून येथे आलेल्या, आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेने लहान मुलांच्या रातांधळेपणावर मोठे काम केले. दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची दोन लाख युनिटांची मात्रा पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 पासून सुरू झाला तो त्या कामावरून. हे जीवनसत्त्व तेलातुपात विरघळते, पाण्यात नव्हे. उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागी जी झीज होते, तिच्या संदर्भात ज्या ल्यूटीनचे नाव घेतले जाते, तेही तसेच. अमेरिकेत 2001 आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांवरून क व ई जीवनसत्त्वे, जस्त, तांबे आणि ल्यूटीन यांची ठराविक मात्रा मध्यम झीज झालेल्यांना उपयोगी पडते असे ठरले. निरोगी डोळ्याला नव्हे. आता पालक पाण्यात उकळून ते पाणी प्यायले तर ल्यूटीन बहुतेक चोथ्यातच राहील. त्यापेक्षा पालक घातलेली डाळ, मेथी, शेवग्याचा पाला, फोडणीच्या तेलासह खाल्लेला बरा. अंड्यातील पिवळ्या बलकातही ते असते. आपल्या आजीबाईंनी भाजीला फोडणी दिली ती चवीसाठी. काम मात्र दुहेरी झाले.

एका पेयाचा अपवाद सांगितला पाहिजे, तो केशराचा. केशराचा रंग पाण्यात उतरतो. इटलीत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा चाचणीत दृष्टिपटलाची झीज नुकती सुरू झालेल्या पंचवीस रुग्णांना रोज 20 मिलिग्रॅम केशर तीन महिने दिले, तेव्हा दृष्टिपटलाच्या प्रतिसादात थोडी सुधारणा मोजता आली. पंचवीस माणसे आणि तीन महिने यांवरून फार मोठे बोलू नये, आणि बाजारातील रंगविलेल्या काड्यांवरून तर मुळीच बोलू नये.

असे असूनही काढ्याचा पेला मला टाकाऊ वाटत नाही. त्याचा खरा उपयोग तो ज्याची जागा घेतो त्यात आहे. आपल्या गावात इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट यांवाचून गप्पा होत नाहीत. दिवसाचे पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली तरी रोज चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सबंध दिवसासाठी घातलेली मर्यादा सुमारे 50 ग्रॅम आहे, आणि शक्य तर त्याच्या निम्म्यावर राहा असा तिचा सल्ला आहे. मधुमेह डोळ्याच्या बारीक रक्तवाहिन्या पोखरतो, आणि तोही प्रारंभी काही न दुखविता. म्हणून दुपारच्या दोन कपांऐवजी बिनसाखरेचा गवती चहा, गुलाबपाकळ्या किंवा बडीशेप घेतली तर डोळ्यांचा फायदा निश्चित आहे. मात्र तो साखर टळल्याचा. खडीसाखर हीदेखील साखरच, हे बडीशेप-बदामवाल्यांनी विसरू नये. मधुमेह्याने काढा घेवो अथवा न घेवो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घेतलेच पाहिजे. आणि काढा पिऊन त्यावर सिगारेट ओढणाऱ्याला तर काय म्हणावे! मोतीबिंदू व दृष्टिपटलाची झीज या दोहोंचा धोका धूम्रपानाने वाढतो.

करावयाची रीत सोपी आहे. एक चहाचा चमचा बडीशेप जरा ठेचून पेलाभर उकळत्या पाण्यात टाकावी, झाकण ठेवून दहा मिनिटांनी गाळावी. ज्येष्ठमध गोड लागतो म्हणून पुष्कळजण त्यात भर घालतात. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी तो रोज घेऊ नये, कारण त्याने रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर कोणताही नवा काढा डॉक्टरांना सांगूनच घ्यावा. काढा, गुलाबपाणी किंवा मध डोळ्यात मात्र घालू नये; घरच्या गाळणीने जंतू गाळले जात नाहीत. सुरम्याबद्दलही येथेच सांगून टाकतो : बाजारातील कित्येक सुरम्यांत शिसे असते आणि मुलांच्या डोळ्यांत ते घालणे सर्वथा वर्ज्य समजावे. वयोमानाने डोळे कोरडे पडून चुरचुरत असतील तर स्वच्छ फडके कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी त्याने मोकळ्या होतात व अश्रू लवकर सुकत नाहीत.

तपासणीला जाण्याची सबब आता उरलेली नाही. तेलंगण सरकारने 15 ऑगस्ट 2018 रोजी 'कंटी वेलुगु' ही मोहीम सुरू करून, आणि 2023 साली तिची दुसरी फेरी काढून, गावोगाव डोळे तपासून चष्मे दिले. शहरात सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालय हे सरकारी रुग्णालय आहे. चाळिशी ओलांडलेल्याने, दिसत चांगले असले तरी, डोळ्यांचा दाब एकदा मोजून घ्यावा; घरात कोणाला काचबिंदू असेल तर अवश्य.

दरम्यान घरच्या घरी एक गोष्ट करता येईल. मुलांच्या गणिताच्या चौकटींच्या वहीचे एक पान घ्या. वाचावयाचा चष्मा लावा, एक डोळा तळहाताने झाका आणि पानाच्या मध्यावर काढलेल्या ठिपक्याकडे टक लावून पाहा. मग दुसऱ्या डोळ्याने तसेच करा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याचे दोष झाकून टाकतो, म्हणून एकेक डोळा निराळा पाहावयाचा. रेघा वाकड्या, लाटांसारख्या दिसल्या किंवा एखाद्या जागी चौकटी पुसल्यासारख्या वाटल्या, तर त्याच आठवड्यात नेत्रवैद्याकडे जा.