कृष्णाकाठची लढाऊ विमानं

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत हवाई दलाचा तळ नाही. कराडजवळ वारुंजीच्या शिवारात एक धावपट्टी आहे. पन्नासच्या दशकात कोयना प्रकल्पाच्या कामासाठी ती बांधली. लांबी जेमतेम १,३०० मीटर. लढाऊ विमानाच्या तळाला साधारण दुप्पट लागते. सांगलीशेजारी कवलापूरला विमानतळाची जमीन आहे, विमानतळ मात्र निवडणुकीच्या भाषणात होतो आणि मतमोजणीनंतर विरतो. तरीही आभाळात जेटचा आवाज घुमला की हातातलं काम टाकून गच्चीवर धावणारी माणसं या पट्ट्यात गावोगाव भेटतात. त्यांत आठवीतली पोरं असतात, तसेच पेन्शनीतले आजोबाही.

या मंडळींना पहिला धडा आवाजाचाच द्यावा लागतो. आवाज येतो तिकडे बघाल तर विमान दिसणार नाही. विमान दहा किलोमीटर उंचीवर असेल, तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्या वेळात ते सात-आठ किलोमीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून नजर आवाजाच्या पुढं, विमानाच्या वाटेवर टाकायची. दुसरा धडा आकाराचा. शेपटीला दोन उभे पंख, सुमारे २२ मीटर लांबीचं भलंथोरलं अंग आणि एकामागं एक बसलेले दोन वैमानिक, हे सुखोई-३०. ही विमानं १९९७ सालापासून पुण्याच्या लोहगाव तळावर आहेत आणि लोहगावहून साताऱ्यावर यायला त्यांना सात-आठ मिनिटं पुरतात. मागचा आडवा पंख नाही, अंग छोटं आणि पंख त्रिकोणी, तर ते तेजस. नाकाच्या जागी उघडं तोंड आणि त्यात सुळका, ते मिग-२१. पण ते आता आभाळात दिसायचं नाही, चौथऱ्यावरच बघायचं.

वेग, पल्ला, क्षेपणास्त्रं हे आकडे विमानवेड्यांना तोंडपाठ असतात. माझी तक्रार आहे ती वेगळी. ज्या विमानांचे आकडे आपण घोकतो, त्यांतल्या कितीतरी विमानांच्या गोष्टीत कृष्णाकाठच्या माणसांचा हात आहे आणि तेवढंच नेमकं कुणी सांगत नाही.

१ सप्टेंबर १९६५. पहाटे पाकिस्तानी तोफांनी छांब विभागात भडिमार सुरू केला आणि मागोमाग पॅटन रणगाडे अखनूरच्या रोखानं निघाले. अखनूरचा पूल गेला असता तर जम्मूच्या पश्चिमेकडच्या फौजेची रसद तुटली असती. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग दिल्लीत संरक्षणमंत्र्यांपुढं आले. मागणी एकच होती: विमानं पाठवायची परवानगी द्या. समोर बसलेले मंत्री देवराष्ट्र्याला जन्मलेले आणि कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. म्हणजे या माणसावर दोन्ही जिल्ह्यांचा हक्क चालतो.

परवानगीला किती वजन होतं हे समजायला तीन वर्षं मागं जावं लागतं. १९६२ च्या चीन युद्धात आपली लढाऊ विमानं जमिनीवरच राहिली होती. युद्ध पसरेल, शहरांवर बॉम्ब पडतील, ही धास्ती होती. त्या पराभवानंतरच चव्हाणांना मुंबईहून दिल्लीला बोलावलं गेलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हाचं. आता तोच प्रश्न पुन्हा टेबलावर होता. चव्हाणांचे सचिव राम प्रधान यांनी पुढं चव्हाणांची युद्धकाळातली डायरी प्रसिद्ध केली. पंतप्रधानांच्या औपचारिक मंजुरीसाठी न थांबता चव्हाणांनी होकार दिला, असं ते सांगतात. संध्याकाळी पाच वाजून एकोणीस मिनिटांनी पठाणकोटहून पहिली विमानं उडाली.

इथवरची गोष्ट भाषणांत येते. पुढची येत नाही, कारण ती कडू आहे. पहिल्या तुकड्या व्हॅम्पायर विमानांच्या होत्या. व्हॅम्पायर हे आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट. १९४८ मध्ये आलं. वैमानिक बसतो तो त्याचा पुढचा भाग चक्क लाकडाचा, प्लायवूड आणि बाल्सा यांच्या थरांचा. मागं दोन दांडे, त्यांना जोडणारी शेपटी. १९४८ मध्ये ते उत्तम होतं. १९६५ मध्ये समोर पाकिस्तानचं सेबर विमान होतं, सहा मशीनगनांचं, कितीतरी चपळ आणि वेगवान. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. भागवागर, भारद्वाज आणि जोशी हे तीन वैमानिक गेले. चौथे पाठक हवाई छत्रीनं उतरून वाचले. मागोमाग गेलेल्या मिस्तेर विमानांनी शत्रूच्या रणगाड्यांवर मारा केला. पण मावळतं ऊन आणि उडालेली धूळ यांत आपलं-परकं ओळखणं कठीण होतं. काही मारा आपल्याच फौजेवर झाला. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून मागं घेतली गेली.

मग निर्णय चुकला का? मला तसं वाटत नाही. एका तासात जी विमानं हाताशी होती ती गेली, आणि भारत हवाई दल वापरणार नाही हा शत्रूचा भरवसा त्याच संध्याकाळी मोडला. चूक आधीच्या दहा वर्षांची होती, जुनी विमानं बदलायला लावलेल्या विलंबाची. ती किंमत तिघांनी चुकवली. सेबर पाडल्याच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांनी ही तीन नावंही पाठ करावीत, एवढंच माझं म्हणणं.

दोन दिवसांनी, ३ सप्टेंबरला, नॅट मैदानात उतरलं. स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एक सेबर टिपल्याची नोंद झाली आणि त्यांना वीरचक्र मिळालं. ते सेबर घायाळ होऊन परतलं, असं पाकिस्तानी बाजू सांगते. पाडलेल्या विमानांच्या हिशेबावर दोन देशांचं एकमत होत नसतं, हे नव्या विमानवेड्यानं लवकर शिकून घ्यावं. त्याच दिवशी आपलं एक नॅट पसरूरच्या पाकिस्तानी धावपट्टीवर उतरलं आणि आज ते कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. नॅट होतं मात्र विलक्षण. लांबी नऊ मीटर, पंखांचा पसारा सात मीटरच्याही आत, उंची माणसाच्या दीडपट. एवढ्याशा अंगात ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. आकार लहान म्हणून शत्रूला उशिरा दिसायचं, वजन कमी म्हणून झटकन वळायचं. तोफा मधेच अडकायच्या आणि हायड्रॉलिक यंत्रणा दगा द्यायची, हेही तितकंच खरं. त्यावर देखभालीचे हात रात्र-रात्र राबत.

हे नॅट परवान्यावर बनत होतं बंगळुरूच्या कारखान्यात. व्हॅम्पायरही तिथंच बनली होती. त्या कारखान्याचा पाया ज्यांनी घातला, त्यांचं नाव सांगली-मिरज रस्त्यावरून रोज हजारो लोक वाचतात. विश्रामबागेत धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. १९५५ मध्ये त्याला वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. वालचंद सोलापूरचे. साखर, जहाजं, मोटारी यांतला माणूस म्हणून त्यांची ओळख. पण १९३९ मध्ये एका विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यापाऱ्याशी पडली आणि त्यांच्या डोक्यात विमानाच्या कारखान्यानं घर केलं. ब्रिटिश सरकारचं मन वळवायला महायुद्ध उपयोगी पडलं. म्हैसूर संस्थाननं जागा आणि भांडवल दिलं आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. १९४१ मध्ये तिथलं पहिलं प्रशिक्षण विमान, हार्लो, उडालं. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरलं तेव्हा सरकारनं कारखाना ताब्यात घेतला आणि वालचंदांचं विमानाचं स्वप्न त्यांच्या हातून गेलं. आजची एचएएल ती हीच, १९६४ च्या एकत्रीकरणानंतरची. ‘वालचंद’मध्ये शिकलेल्या किती इंजिनिअरांना आपल्या पदवीवरच्या नावाचा लढाऊ विमानांशी असलेला हा संबंध ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

मिग-२१ ची गोष्ट पुन्हा चव्हाणांकडे येते. १९६४ च्या मे महिन्यात ते अमेरिकेला गेले होते. आपल्याला स्टारफायटर ही लढाऊ विमानं हवी होती. पाकिस्तानला ती आधीच मिळाली होती. अमेरिकेनं दाद दिली नाही. त्याच दौऱ्यात नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि त्यांना परतावं लागलं. पुढं काही महिन्यांतच ते मॉस्कोला गेले आणि मिगच्या कारखान्यांच्या व्यवहाराला गती आली. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. आदल्याच वर्षी चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते, त्यामुळे कारखाना ओझरला कसा आला याचं उत्तर नाशिककर हसून देतात. एचएएलनं पुढं सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली. या विमानानं अपघातांनी बदनामीही ओढवून घेतली आणि बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप घेतला. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्याच धावपट्टीवरून तेजस मार्क-१ए उडालं.

साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली; देशातली ही पहिली सैनिक शाळा. चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. इथं शिकलेले प्रदीप वसंत नाईक पुढं लढाऊ विमानांचे वैमानिक झाले, मिग-२१ वर वाढले आणि ३१ मे २००९ रोजी हवाई दलप्रमुख झाले. जानेवारी २०११ मध्ये तेजसला प्राथमिक वापराचा परवाना मिळाला, तेव्हा दलप्रमुखाच्या खुर्चीत हाच साताऱ्याच्या शाळेचा विद्यार्थी होता.

मंत्री, उद्योगपती, दलप्रमुख ही झाली मोठी माणसं. या भागातून हवाई दलात गेलेल्यांपैकी बहुतेक मात्र विमान चालवत नव्हते. साताऱ्याची लष्करी ओळख पायदळाची. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांनी ती घडवली. पण त्याच घरांतली दहावी-बारावी झालेली मुलं एअरमन म्हणूनही भरती झाली. कुणी इंजिन फिटर, कुणी एअरफ्रेम फिटर, कुणी आर्मरर. विमान उतरलं की इंधन भरायचं, तोफांत गोळ्यांचा पट्टा चढवायचा, टायर-ब्रेक तपासायचे, लाल फितीच्या सुरक्षा पिना काढून मोजायच्या. मग एफ-७०० नावाच्या वहीत ज्यानं त्यानं आपल्या कामापुढं सही करायची. सगळ्या सह्या झाल्याशिवाय वैमानिक विमान ताब्यात घेत नाही. त्याची सही शेवटची. एखादा नट सैल राहिला तर आधी कुणाची सही शोधली जाईल, हे प्रत्येक फिटरला माहीत असतं. तासगाव-खटावकडच्या अशा किती सह्या त्या वह्यांत असतील, आणि त्यांतली एकही कुठल्या स्मारकावर नाही.

विमानवेड्यांना एक गोष्ट बजावायला हवी. आज सेवेत असलेल्या विमानांचे व्हिडिओ, तळावरच्या हालचाली, ‘आत्ताच चार सुखोई उत्तरेकडे गेल्या’ असले संदेश कुणालाही पाठवू नका. मे २०२५ च्या संघर्षात सरकारला हे आवाहन वारंवार करावं लागलं. बघा, ओळखा, वहीत टिपा, पण फोन खिशात राहू द्या.

जुन्या विमानांना मात्र ही अडचण नाही. व्हॅम्पायर, मिस्तेर, नॅट, कॅनबेरा, मिग-२१ ही सगळी निवृत्त झाली आहेत. ज्यांनी १९६५ मध्ये विशीत त्यांचे स्क्रू आवळले ते आज ऐंशीच्या पुढं आहेत. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत असे कुणी असतील तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसा. कोणती स्क्वाड्रन, कोणता तळ, कोणतं विमान, कोणत्या साली, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ट्रंकेत फोटो असेल तर त्यातल्या प्रत्येकाचं नाव मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा. दिवाळीपर्यंत थांबू नका.