जरूरत की जीनत?

अरफजा बिन असद या सहाबींचे नाक कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे बसवून घ्यायला सांगितले. तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. पुरुषाला सोने निषिद्ध. पण इथे सोने दागिना राहिले नव्हते.

लिंगबदल शस्त्रक्रिया इलाज आहे की नुसती हौस, हा प्रश्न निघाला की आम्हाला ही हदीस आठवते. कर्करोगात स्तन गमावलेल्या बाईला तो पुन्हा घडवून देणारा आणि हौसेखातर आकार बदलून देणारा प्लास्टिक सर्जन एकच असू शकतो. फरक हत्यारात नाही, कारणात आहे. शरीर एक सांगते, मन दुसरे, आणि त्या ओढाताणीत माणूस जगणे नकोसे करून घेतो. ही अवस्था मनोविकारतज्ज्ञ बराच काळ तपासून ठरवतात. शेजारीपाजारी ठरवत नाहीत!

उलमांचे यावर एकमत नाही. जन्मतः खुन्सा असलेल्याच्या शस्त्रक्रियेला बहुतेकांची हरकत नसते, वाद त्यापुढचा. १९८८ मध्ये इजिप्तचे मुफ्ती सय्यद तंतावी यांनी अल-अजहरच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रकरणात भरवशाच्या डॉक्टरच्या सल्ल्याची अट घातली आणि केवळ इच्छेखातर शस्त्रक्रियेला मनाई केली. त्याच दशकात इराणमध्ये आयतुल्ला खुमैनींनी मरयम खातून मुल्कआरा यांना परवानगी दिली. तिथे सरकार खर्चालाही हातभार लावते. मात्र समलिंगी संबंध तिथे गुन्हा असल्याने ज्यांना शस्त्रक्रिया नको त्यांच्यावरही तिचा दबाव येतो. हा इलाज कसा म्हणायचा?

आपल्याकडे उलटे आहे. घर तुटलेली, खिशात पैसा नसलेली मुले दाईच्या नाहीतर भोंदूच्या हाती सापडतात आणि काही जिवाला मुकतात. ज्या आईबापांनी दवाखान्याचा खर्च ‘चोचले’ म्हणून नाकारला, त्यांनी याचा विचार केलेला नसतो.

२०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याने मात्र विमा योजनेत शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचार धरले आहेत. ब्यूटी पार्लरवाल्यांची म्हणून आपण ओळखतो ती लेसरसुद्धा त्यात आहे. २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा करार झाला. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचे तृतीयपंथी प्रमाणपत्र लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो.